ले-आऊटच्या रस्त्यावर रबरी स्पीड ब्रेकर कितपत चालतो?

अपार्टमेंटच्या फाटकापाशी, मंगल कार्यालयांच्या आवारात आणि शाळांच्या दारात दिसणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे रबरी स्पीड ब्रेकर आता नागपुरातील ले-आऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांच्या, सार्वजनिक रस्त्यांवरही येऊ लागले आहेत. रिंग रोडलगतच्या आमच्या ले-आऊटमध्ये रहिवासी मंडळाने महापालिकेचे झोन कार्यालय आणि वाहतूक पोलीस या दोन्हींकडे रीतसर अर्ज करून गेल्या मार्चमध्ये असे दोन ब्रेकर बसवून घेतले. त्यांनी येथील संपूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा सोसला असल्यामुळे या वस्तूविषयी ठामपणे लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. फाटकावर किंवा तळघरातील पार्किंगच्या उतारावर हा ब्रेकर उत्तम काम करतो. रहदारीच्या रस्त्यावर मात्र तो हळू जाणाऱ्याला त्रास देतो आणि भरधाव जाणाऱ्याला सोडून देतो. हा दोष मालाच्या दर्जाचा नसून त्याच्या आकाराचा आहे, आणि म्हणूनच महागातला ब्रेकर घेऊनही तो जात नाही.

आमचा रस्ता सुमारे सहा मीटर रुंद असून तो रिंग रोडला मागच्या डी.पी. रोडशी (विकास आराखड्यातील रस्त्याशी) जोडतो, त्यामुळे सिग्नल चुकवू पाहणाऱ्यांना तो चांगलाच सोयीचा आहे. पूर्वी सबंध रस्ता डांबरी आणि खड्ड्यांचा होता, तेव्हा कोणालाच वेग घेता येत नसे. पुढचा अर्धा भाग सिमेंटचा झाला आणि सकाळच्या शाळेच्या वेळी व संध्याकाळी सहानंतर त्यावरून गाड्या सुसाट निघू लागल्या. गुळगुळीत रस्ता मिळाला की वाहनचालक पाटी पाहून नव्हे, तर रस्ता पाहून वेग ठरवतो, हे नागपूरकरांना सिमेंट रोडच्या कामांनंतर वेगळे सांगायला नको. कायद्याचाही येथे फारसा आधार मिळत नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना ताशी 70 आणि दुचाकींना ताशी 60 किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, परंतु तशी पाटी आमच्या रस्त्यावर नाही, आणि असती तरी ती पाळली जाते का हे पाहायला तेथे उभे कोण राहणार?

वेगातील थोड्याशा फरकाने काय होते ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते, म्हणजे फाटकातून चेंडूमागे धावत आलेले मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती दोन घरे ओलांडून गेलेली असते. ताशी 20 च्या वेगाला हेच अंतर साडेपाच मीटर होते. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 30 ऐवजी 40 चा वेग म्हणजे जवळपास पावणेदोन पट आघात. जेथे पायी चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तेथे ताशी 30 किलोमीटरची कमाल मर्यादा ठेवावी, असे आवाहन फेब्रुवारी 2020 मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात केले आहे ते याच कारणासाठी. तेव्हा आमच्या रस्त्यावर काहीतरी करणे गरजेचे होते यात वाद नाही. जे केले ते कसे उतरले, एवढाच येथे प्रश्न आहे.

वस्तू दिसायला आटोपशीर आहे. अर्धा मीटर लांबीचे काळे आणि पिवळे तुकडे आलटून पालटून एकमेकांना जोडायचे, दोन्ही टोकांना अर्धगोल तुकडे लावायचे आणि प्रत्येक तुकड्यातील भोकांतून लांब अँकर बोल्ट रस्त्यात ठोकायचे, अशी सगळी रचना. रुंदी, म्हणजे गाडी जाण्याच्या दिशेतले माप, 350 मिलिमीटर, उंची 50 मिलिमीटर. याच रुंदीत 75 मिलिमीटर उंचीचाही प्रकार मिळतो. तो दुकानदाराने आग्रहाने दाखवला आणि मंडळाने सुदैवाने नाकारला. बोल्टांसह एक तुकडा 700 रुपयांच्या आसपास पडला, बसवण्याची मजुरी वेगळी. दोन कारागिरांनी ड्रिल मशीन लावून एका दुपारीत दोन्ही ब्रेकर बसवले. डांबर टाकणे नाही, रस्ता दोन दिवस बंद ठेवणे नाही, गिट्टीचे ढीग नाहीत. या बाबतीत रबरी ब्रेकरला तोड नाही आणि त्याची लोकप्रियता बरीचशी या सोयीवरच उभी आहे.

ड्रिल चालवणाऱ्या कारागिराने मात्र काम करता करताच पुढचे भविष्य वर्तवले होते. “काकाजी, सिमेंटचा रोड आहे तिथं वांदा नाही, पण या डांबरात बोल्ट पकडत नाही हो, उन्हाळ्यात पाहा तुम्ही,” असे तो म्हणाला. एक ब्रेकर सिमेंटच्या भागात आणि दुसरा डांबरी भागात बसल्याने आम्हाला दोन्हींची तुलना आयतीच मिळाली. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि नवतपा (मेअखेरचे नऊ अतिउष्ण दिवस) लागेपर्यंत डांबरी भागातील तुकडे चालत्या चाकांच्या रेट्याने बोटभर सरकलेले दिसू लागले. तापून मऊ झालेल्या डांबरात बोल्टभोवतीचे भोक रुंदावते, बोल्ट हलतो, आणि एकदा हलू लागलेला बोल्ट दर चाकागणिक आणखी सैल होतो. सिमेंटमधील ब्रेकर या काळात जागचा हलला नाही. रबर स्वतः उन्हाने वितळले किंवा भेगाळले असे कोठेही झाले नाही, हे मात्र मालाच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला डांबरी भागातला मधला एक तुकडा पूर्ण निघाला. कोणीतरी तो उचलून विजेच्या खांबाला टेकवून ठेवला आणि त्याच्या जागी बोल्टांची दोन टोके रस्त्यातून वर आलेली राहिली. त्या अर्ध्या मीटरच्या फटीचा शोध दुचाकीस्वारांना इतक्या चटकन लागला की संध्याकाळी दोन्ही दिशांनी येणाऱ्या गाड्या नेमक्या त्या फटीतून जाण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर समोरासमोर येऊ लागल्या. म्हणजे ब्रेकर नसताना जे दोघे आपापल्या डाव्या बाजूने निमूट गेले असते, त्यांना या वस्तूने एका रेषेत आणले. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या पुरवठादाराने आधी पाऊस थांबू द्या असे सांगितले, मग सुटा तुकडा मिळत नाही असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे थांबवले. घेणाऱ्यांनी निदान दोन-तीन सुटे तुकडे आणि बोल्ट पहिल्याच खरेदीत मागून घ्यावेत.

हे सारे निस्तरता येते असे मानले तरी मूळ अडचण उरते. अवघ्या 350 मिलिमीटरच्या रुंदीच्या अर्ध्यात 50 मिलिमीटर चढायचे म्हणजे सरासरी साडेतीनास एक असा चढ झाला. ताशी दहा किलोमीटरने जाणारे चाक हा उंचवटा सेकंदाच्या आठव्या भागात ओलांडते; तेवढ्या वेळात गाडी पुरती उचलली जाते, आपटते आणि बसणाऱ्याच्या कमरेपर्यंत धक्का पोहोचतो. तेच चाक ताशी चाळीसच्या वेगाने गेले तर उंचवटा सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात मागे पडतो, टायर आणि स्प्रिंग तो धक्का गिळून टाकतात आणि मोठ्या चाकांच्या गाडीतील माणसाला ‘थड्’ असा आवाज ऐकू येण्यापलीकडे फारसे काही जाणवत नाही. हा अनुभव आमच्या रस्त्यावर राहणारे कोणीही सांगेल. मोठ्या एसयूव्ही ब्रेकरवर वेग कमी करत नाहीत, नवख्या चालकांचा अपवाद वगळता. वेग कमी करतात ते स्कूटरवरून नातवाला शाळेत सोडणारे आजोबा, सायकलवरचे विद्यार्थी आणि ई-रिक्षावाले, आणि कमी वेगातच हा ब्रेकर अधिक झोंबत असल्याने दणका बसतो तोही त्यांनाच. मागच्या गल्लीतील एक गर्भवती सून तपासणीला जाताना ऑटोतून उतरून ब्रेकर पायी ओलांडत असे आणि पुन्हा ऑटोत बसत असे, हे मी माझ्या फाटकातून पाहिले आहे.

याच्या नेमके उलट वागणारा उंचवटा अस्तित्वात आहे आणि तो काही नवा शोध नाही. ब्रिटनमधील परिवहन संशोधन प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवर चाचण्या झाल्या आणि त्यांतून सुमारे 3.7 मीटर रुंद व 100 मिलिमीटर उंच असा गोलाकार उंचवटा पुढे आला. आपल्याकडे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 साली आयआरसी 99 या मार्गदर्शिकेत हीच मापे स्वीकारली: रुंदी 3.7 मीटर, उंची 0.10 मीटर, वक्राची त्रिज्या 17 मीटर, ओलांडण्याचा अपेक्षित वेग ताशी 25 किलोमीटर. 2018 मध्ये ही मार्गदर्शिका वाहतूक शांत करण्याच्या इतर उपायांसह नव्याने काढण्यात आली. या उंचवट्याची उंची आमच्या रबरी ब्रेकरच्या दुप्पट असली तरी चढ सरासरी साडेअठरास एक एवढाच आहे. ताशी वीसच्या वेगाने जाणारी सायकल किंवा स्कूटर त्यावरून अलगद वर जाते आणि खाली येते. ताशी चाळीसने येणाऱ्या मोटारीला मात्र तो ओलांडायला सेकंदाचा एक तृतीयांश वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्प्रिंगला काही लपवता येत नाही, सबंध गाडी उचलली जाते. वेग जितका अधिक तितका त्रास अधिक, हा नियम येथे खरा ठरतो. वाहतूक शांत करणाऱ्या कोणत्याही उपायाकडून आपली अपेक्षा एवढीच असते.

अंतराचा मुद्दाही पुरवठादार सांगत नाहीत. त्याच मार्गदर्शिकेने एकापाठोपाठच्या उंचवट्यांमध्ये 100 ते 120 मीटर अंतर सुचवले आहे, कारण त्याहून दूर असतील तर गाड्या मधल्या पट्ट्यात पुन्हा वेग घेतात. आमचे दोन ब्रेकर त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर आहेत, आणि पहिला ओलांडला की ॲक्सिलरेटर पिळल्याचा आवाज घरात बसून ऐकू येतो. ब्रेकरच्या 40 मीटर आधी सूचनाफलक असावा हीही त्यातीलच शिफारस. फलक लावण्याची विनंती आम्ही केली होती. परवानगीच्या कागदावर तिची नोंद झाली, प्रत्यक्षात खांब अजून उभा राहिलेला नाही.

आवाजाबद्दल खरेदीपूर्वी कोणीच बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्रेकरला लागून असलेल्या दोन घरांना दिवसभर पुढच्या आणि मागच्या चाकाचे दोन-दोन ठोके ऐकावे लागतात. ठोक्यांची सवय होते. सिलिंडरच्या गाडीची होत नाही. रिकामी सिलिंडरे भरलेली गाडी त्या उंचवट्यावरून गेली की जो खणखणाट होतो तो पलीकडच्या गल्लीपर्यंत पोहोचतो, आणि पहाटे दुधाचे क्रेट घेऊन जाणारा टेम्पो रोजचाच. रुंद उंचवट्यावर हा आवाज बराच कमी असतो, कारण चाक आपटत नाही, चढते. ब्रेकर ‘आपल्या दारासमोर नको’ या वादात मंडळाच्या दोन सभा गेल्या, आणि ज्यांनी तो आपल्या दारासमोर घ्यायचे मान्य केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

रात्रीच्या दृश्यमानतेला सुरुवातीला पूर्ण गुण द्यावे लागतील. पिवळ्या तुकड्यांतील चमकणारे ठिपके हेडलाइटमध्ये दुरून दिसत आणि रात्री-अपरात्री बांधून ठेवलेल्या, रंग न लावलेल्या डांबरी उंचवट्यांपेक्षा हे शंभर पटींनी बरे, असे मीच म्हणत होतो. पण उन्हाळ्याच्या धुळीने आणि टायरच्या काळ्या थराने ते ठिपके लवकरच निस्तेज झाले. जुन्या बनियनचे फडके आणि साबणाचे पाणी घेऊन पुसले की ते पुन्हा उजळतात. मात्र सार्वजनिक रस्ता महिन्यातून एकदा पुसायचा कोणी, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

पाण्याचा प्रश्न त्यामानाने किरकोळ निघाला. सिमेंटचा रस्ता घरांच्या पातळीपेक्षा उंच झाल्यामुळे पावसाचे पाणी आधीच फाटकांकडे वळते, त्यात ब्रेकरने अडवलेल्या गाळाची भर पडली. कडेला पाणी जाण्यासाठी सोडलेल्या हातभर जागेतून पाणी जाते हे खरे, परंतु तेथूनच दुचाक्याही जातात, गट्टूंच्या (पेव्हिंग ब्लॉकच्या) पट्टीवर चढून, जेथे पायी चालणाऱ्यांनी चालायचे असते. त्या जागेत एक सिमेंटचा ठोकळा ठेवल्यावर हा मार्ग बंद झाला. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत निघालेल्या लहान मुलांची मात्र या ब्रेकरवर चांगलीच पंचाईत झाली. नंदीची ती इवलीशी चाके 50 मिलिमीटरच्या भिंतीवर अडकत होती, आणि प्रत्येक नंदी आईवडिलांपैकी कोणीतरी उचलून पलीकडे ठेवत होते. ज्यांच्यासाठी रस्ता सुरक्षित करायचा त्यांच्याच वाटेत तो उंचवटा आला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांचीही तीच गत होणार, हे उघड आहे.

मग बसवायचे काय? माझी पहिली पसंती चौकातील उंच सपाट ओट्याला आहे: दोन्ही बाजूंना लांब उतार आणि मध्ये सपाट भाग, जेणेकरून पायी चालणारा पदपथाच्या पातळीवरूनच रस्ता ओलांडतो. सिमेंटच्या रस्त्यावर तो गट्टूंनीही बांधता येतो, आणि कडेच्या नालीसाठी खालून पाइप टाकावा लागतो. खर्च अर्थातच कितीतरी अधिक येतो आणि काम महापालिकेनेच करावे लागते. दुसरा मार्ग रस्ता अरुंद करण्याचा आहे. 1970 च्या सुमारास नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात घरांपुढील रस्त्यांवर झाडे, बाके आणि वळणे अशा रीतीने मांडली गेली की गाडीला सरळ रेषेत धावताच येऊ नये, आणि 1976 मध्ये तेथील कायद्याने अशा रस्त्यांना स्वतंत्र दर्जा दिला. आमच्याकडे दुतर्फा उभ्या राहणाऱ्या मोटारी हे काम काही अंशी फुकटात करतात, पण त्यांच्या मधून धावत येणारे मूल चालकाला दिसत नाही, म्हणून मी त्यांना उपाय मानत नाही. रस्त्यावर जाड रंगाच्या आडव्या पट्ट्या मारण्याची सूचनाही आली होती. त्यांनी गाडी खडखडते, वेग विशेष कमी होत नाही, आणि शेजारच्या घरांचे कान मात्र किटतात. मोठ्या रस्त्यावर सूचना म्हणून त्या ठीक आहेत.

परवानगीविषयी थोडे. सार्वजनिक रस्त्यावर रहिवाशांनी वर्गणी काढून परस्पर ब्रेकर बसवू नये. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 198-अ नुसार रस्त्याच्या रचनेत मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण वा कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांच्याकडे परवानगीचा कागदच नाही त्यांची स्थिती अपघातानंतर याहून बिकट होईल हे समजायला वकील लागत नाही. आमच्या अर्जात मात्र एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की अर्ज ‘स्पीड ब्रेकर हवा’ असा केला तर चर्चा फक्त जागेवर होते. नेमके माप, नकाशा आणि आयआरसी 99 चा उल्लेख असलेला अर्ज दिला की कनिष्ठ अभियंता निदान टेप घेऊन जागेवर येतो.

तरीही फाटकासाठी किंवा आवारासाठी हा ब्रेकर घ्यायचा असेल तर काही गोष्टी हाताने तपासून घ्याव्यात. तुकडा उचलून पाहा, हलका आणि नखाने खरवडला जाणारा माल लवकर झिजतो. बोल्टचे डोके रबराच्या पृष्ठभागाखाली पुरते बसते का ते पाहा, कारण वर राहिलेले डोके टायर कापते. टोकाचे अर्धगोल तुकडे हिशेबात धरले आहेत का ते बिलावर पाहा. आमच्या बिलात ते मागाहून जोडले गेले. आणि बसवायची जागा काँक्रीटचीच असू द्या.

डांबरी भागातील ब्रेकर मंडळाने दिवाळीपूर्वी काढून टाकला. तुकडे निघाले, बोल्ट निघेनात, म्हणून ते ग्राइंडरने रस्त्याच्या पातळीला कापून भोके सिमेंटने बुजवावी लागली; हे काम न करता ब्रेकर नुसता उपटून नेणाऱ्यांमुळे शहरात किती टायर फाटत असतील कोणास ठाऊक. निघालेले चांगले तुकडे शेजारच्या अपार्टमेंटने तळघराच्या उतारावर बसवले आहेत. तेथे गाड्या चालण्याच्या वेगानेच येतात, खाली काँक्रीट आहे, आणि वळणापलीकडून येणाऱ्याला थांबवण्याचे काम ते चोख करतात. रस्त्यावरच्या त्या जागेसाठी 3.7 मीटर रुंदीच्या उंचवट्याचा नकाशा जोडलेला नवा अर्ज झोन कार्यालयात दिला असून डांबरी भागाच्या सिमेंटीकरणाबरोबरच तो करावा, अशी मागणी त्यात केली आहे.